जाळ्यांचे गणित आणि रिकामी जागा



बेंगळूरू शहराच्या पूर्व भागात मारतहळ्ळी नावाची वस्ती आहे. एकेकाळचे हे खेडे आज शहरातील एक अत्यंत गजबजलेले ठिकाण झाले आहे. जुन्या विमानतळाकडून वर्तूर-व्हाइटफील्डच्या दिशेने जाणारा रस्ता आणि शहराचा बाह्य वर्तुळमार्ग यांची गाठ येथे पडते. वस्तीच्या नैर्ऋत्येस बेलंदूरचा विस्तीर्ण तलाव आहे आणि पूर्वेस, थोड्या अंतरावर, वर्तूरचा. २०२२ सालच्या सप्टेंबर महिन्यात, ४ तारखेच्या रात्री, या परिसरात मुसळधार पाऊस झाला. शहरात चोवीस तासांत १३० मिलिमीटरांहून अधिक पावसाची नोंद झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मारतहळ्ळीपासून दक्षिणेकडे जाणाऱ्या वर्तुळमार्गाचे मोठे भाग पाण्याखाली होते. संगणक-कंपन्यांच्या काचेच्या इमारतींत काम करणारी माणसे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभी राहून कामावर गेली, आणि काही श्रीमंत वसाहतींतील रहिवाशांना होड्यांतून बाहेर काढावे लागले.

असे का झाले, या प्रश्नाचे सरळ उत्तर 'पाऊस फार झाला' असे आहे. ते खोटे नाही, परंतु अपुरे आहे. कोकणात आषाढातल्या एखाद्या दिवशी एवढा पाऊस पडला तर त्याची कोणी विशेष दखल घेत नाही. पावसाचा आकडा पाणी किती पडले ते सांगतो. ते याच जागी का साचले, शेजारच्या चढावर का नाही, आणि चाळीस वर्षांपूर्वी याच शेतांतून मुकाट्याने वाहून जाणारे पाणी आज दारात का थांबते, हे तो सांगत नाही. त्यासाठी कोणती जागा कोणत्या जागेशी कशी जोडलेली आहे, ते पाहावे लागते. जोडणीचा असा विचार करणारी गणिताची एक शाखा आहे. तलावांच्या साखळ्या, अरण्यातील जीवजाती आणि विजेच्या वाहिन्या अशा वरवर पाहता काहीही संबंध नसलेल्या गोष्टी ती एकाच दृष्टीने पाहते. आजचे व्याख्यान त्या दृष्टीविषयी आहे.

या शाखेचा उगम पुलांच्या एका कोड्यात आहे. कोनिग्सबर्ग या युरोपातील नगरातून प्रेगेल नदी वाहत होती. नदीमुळे नगराचे चार भूभाग झाले होते व ते सात पुलांनी जोडलेले होते. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सर्व पुलांवरून फिरून येता येईल काय, असा प्रश्न तेथील लोकांना पडे. १७३६ साली लेओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने तो सोडविला. नदीची रुंदी, पुलांची लांबी, रस्त्यांची वळणे या सर्व गोष्टी त्याने बाजूला सारल्या. प्रत्येक भूभागाऐवजी एक बिंदू आणि प्रत्येक पुलाऐवजी एक रेषा एवढेच त्याने शिल्लक ठेवले. चारही बिंदूंशी जोडलेल्या रेषांची संख्या विषम आहे, आणि म्हणून असा फेरफटका अशक्य आहे, हे त्याने दाखवून दिले. नगर प्रत्यक्ष पाहण्याचीही त्यासाठी गरज नव्हती.

बिंदू आणि रेषा यांच्या अशा आकृतीला जाळे म्हणतात. वास्तव वस्तूतील बहुतेक तपशील वगळून, प्रश्नाच्या उत्तरासाठी आवश्यक तेवढाच भाग संख्यांत मांडणे म्हणजे तिचे गणिती प्रतिरूप तयार करणे. प्रतिरूप म्हणजे वस्तूचे हुबेहूब चित्र नव्हे. कोणता तपशील वगळला तरी चालेल आणि कोणता वगळून चालणार नाही, याचा विवेक ज्याला करता येतो त्यालाच उपयुक्त प्रतिरूप रचता येते.

आता मारतहळ्ळीच्या परिसराकडे वळू या. बेंगळूरू शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील पठारावर वसलेले आहे आणि त्याच्या जवळ मोठी नदी नाही. पठाराच्या माथ्यावरून पाणी निरनिराळ्या दिशांना उतरते. कोरमंगल-चल्लघट्ट, हेब्बाळ आणि वृषभावती अशी तेथील तीन मुख्य खोऱ्यांची नावे आहेत. नदी नसलेल्या या प्रदेशात लोकांनी उतारांवर बांध घालून पाणी अडविले. बेलंदूरच्या वरच्या अंगास असलेल्या अगर या गावी नवव्या शतकातील एक शिलालेख आहे आणि त्यात तलावांचा उल्लेख आहे. म्हणजे सोळाव्या शतकात केंपेगौडाने नगर वसविण्यापूर्वीच ही विद्या तेथे रुजलेली होती. वरचा तलाव भरला की त्याच्या सांडव्यावरून पाणी ओढ्यात पडे, ओढा ते खालच्या तलावात नेई, तेथून पुढच्या तलावात, असा क्रम होता. या ओढ्यांना कन्नड भाषेत राजकालुवे म्हणतात. त्यातील कालुवे हा मराठीतील कालव्याचाच भाऊबंद होय. कोरमंगल-चल्लघट्ट खोऱ्यातील अनेक साखळ्यांचे पाणी अशा रीतीने सुमारे ९०० एकर विस्ताराच्या बेलंदूर तलावात येते, तेथून सुमारे ४५० एकरांच्या वर्तूर तलावात जाते आणि पुढे दक्षिण पिनाकिनी नदीला मिळते.

मराठी वाचकाला ही रचना अपरिचित वाटू नये. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत गोंड राजांच्या काळापासून बांधले गेलेले हजारो तलाव आहेत. त्यांतील पुष्कळसे कोहळी समाजाच्या कौशल्यातून उभे राहिले. मालगुजारी पद्धती संपल्यानंतर ते माजी मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जाऊ लागले. तेथेही एका तलावाचे ओसंडलेले पाणी दुसऱ्याच्या पोटात जाते. अशा रचनेत प्रत्येक तलाव हा एक बिंदू आणि प्रत्येक ओढा ही एक रेषा. पाणी उताराच्या दिशेनेच वाहत असल्यामुळे प्रत्येक रेषेला एक बाण असतो. आकृती काढली तर ती एखाद्या वृक्षासारखी दिसते: अनेक फांद्या, थोड्या जाड शाखा आणि अखेरीस एकच बुंधा. बेलंदूर आणि वर्तूर हे बुंध्यावरचे तलाव आहेत.

या वृक्षाचे गणित एका छोट्या काल्पनिक उदाहरणाने समजेल. समजा, वरच्या अंगास चार लहान तलाव आहेत आणि त्या सर्वांचे पाणी खालच्या एका तलावात येते. एका पावसात प्रत्येक तलावाच्या पाणलोटातून १२ मापे पाणी येते, खालच्या तलावाच्या स्वतःच्या पाणलोटातूनही १२. वरचा प्रत्येक तलाव १० मापे पाणी धरू शकतो. खालचा २० मापे धरतो. पावसाच्या आरंभी सर्व तलाव रिकामे आहेत. वरचा प्रत्येक तलाव १० मापे अडवितो आणि २ मापे सांडतो. चौघांची मिळून ८ मापे आणि स्वतःची १२, अशी २० मापे खालच्या तलावात येतात. तो काठोकाठ भरतो, पण ओसंडत नाही. जुन्या रचनेचा तोल तो हा.

आता समजा, वरच्या तलावांपैकी दोन बुजविले आणि त्यांवर इमारती उठल्या. त्या दोन पाणलोटांचे सगळे २४ मापे पाणी थेट खाली येईल. उरलेल्या दोघांचे ४ आणि खालच्याचे १२ धरून बेरीज ४० होते. खालच्या तलावाच्या काठावर राहणाऱ्याने काहीही केलेले नसताना त्याच्या दारी दुप्पट पाणी आले.

दुसरी शक्यता अशी की एकही तलाव बुजविला गेला नाही, परंतु वरच्या चारही तलावांत गाळ साचून त्यांची क्षमता १० वरून ५ वर आली. प्रत्येक तलाव ७ मापे सांडेल. चौघांची २८ आणि स्वतःची १२ मिळून पुन्हा ४०. नकाशावर चारही तलाव पूर्वीसारखेच निळे दिसतील, कोणत्याही दप्तरात अतिक्रमणाची नोंद असणार नाही, आणि तरीही परिणाम दोन तलाव गिळंकृत केल्याइतकाच होईल.

तिसरी शक्यता सर्वांत महत्त्वाची आहे. गाळ नाही, अतिक्रमण नाही. परंतु पाऊस येण्यापूर्वीच वरचे चारही तलाव भरलेले आहेत. मग ते १२ मापांतील एक मापही अडवू शकणार नाहीत. वरून ४८ आणि स्वतःची १२ अशी ६० मापे खाली येतील. आणि खालचा तलावही आधीच भरलेला असेल तर ही साठही मापे रस्त्यांवर पसरतील. सारांश, भरलेला तलाव पुराच्या दृष्टीने नसल्यासारखाच असतो. पुरापासून संरक्षण तलावातील पाणी करीत नाही. तलावातील रिकामी जागा करते.

ही तिसरी शक्यता केवळ कल्पनेतील नाही. पूर्वी या तलावांच्या पाण्यावर भातशेती होत असे. पिकासाठी पाणी सोडले जाई, उन्हाळ्यात तलाव आटत आणि जून महिन्यात ते पुढच्या पावसासाठी मोकळे असत. शहर वाढले तशी शेती गेली आणि ओढ्यांतून सांडपाणी वाहू लागले. सांडपाण्याला ऋतू नसतो. बेलंदूरसारखा तलाव त्यामुळे बारमाही भरलेला राहू लागला. ज्या जाळ्यात वर्षातून काही महिने पाणी वाहत होते त्यात ते वर्षभर वाहू लागले, आणि पावसाची वाट पाहत थांबणारी जागा हळूहळू नाहीशी झाली. शहरातील एखादा तलाव सुशोभित करताना तो सदैव तुडुंब दिसावा अशी नागरिकांची स्वाभाविक इच्छा असते. तिची किंमत खालच्या अंगाचे लोक मोजतात.

जाळ्यातून पाण्याबरोबर दोषही वाहतो. घरोघरी वापरल्या जाणाऱ्या साबणचुऱ्यातील फेसकारक द्रव्ये आणि स्फुरद यांनी भरलेले सांडपाणी बेलंदूर व वर्तूरच्या सांडव्यांवरून खाली कोसळले की त्याचा फेस होई आणि तो वाऱ्याबरोबर रस्त्यावर येई. २०१५ सालच्या मे महिन्यात बेलंदूरच्या फेसाने पेट घेतला. फेब्रुवारी २०१७ मध्ये तलावावर पुन्हा आग दिसली. जानेवारी २०१८ मधील आग विझविण्यासाठी लष्कराच्या जवानांना पाचारण करावे लागले. तलावाला आग लागते हे वाक्य मराठीत अतिशयोक्तीचे उदाहरण म्हणून शोभावे. तेथे ते वृत्तपत्राच्या मथळ्यात आले.

पुढे या जाळ्याला एक नवी रेषा जोडली गेली. खोऱ्यातील सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते नळांतून कोलार या दुष्काळी जिल्ह्यात न्यायचे आणि तेथील शंभराहून अधिक तलाव भरून भूजल वाढवायचे, अशी योजना अमलात आली. जून २०१८ मध्ये हे पाणी लक्ष्मीसागर तलावात पोहोचले. जुलैमध्ये त्या तलावावर फेस दिसला आणि उच्च न्यायालयाने योजनेला काही काळ स्थगिती दिली. पुढे पाणी पुन्हा सुरू झाले. ज्या गावांच्या विहिरी कोरड्या होत्या त्यांना या पाण्याचे मोल ठाऊक आहे, म्हणून योजनेची थट्टा करणे उचित नव्हे. तथापि, दोन जाळी जोडली की एकाचा लाभ दुसऱ्याला मिळतो, तसाच एकाचा विकारही मिळतो, हे त्या प्रसंगाने स्पष्ट केले.

येथून परिस्थितिविज्ञानातील एका प्रसिद्ध वादाकडे वळता येते, कारण तोही जोडांविषयीचाच आहे. जोड जितके अधिक तितकी व्यवस्था अधिक स्थिर असते काय? अरण्यात वाघ हरिण खातो, हरिण गवत खाते, मधमाशी फुलाला आणि फूल मधमाशीला उपयोगी पडते. प्रत्येक जात हा बिंदू मानला आणि एका जातीचा दुसरीवर होणारा परिणाम ही रेषा मानली तर अन्नजाळे तयार होते. १९५८ साली चार्ल्स एल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने असे प्रतिपादन केले की विविध जातींनी संपन्न समुदाय अधिक टिकाऊ असतात. एकाच पिकाच्या शेतावर कीड तुटून पडते, परंतु मिश्र अरण्यावर तसा प्रसंग क्वचित येतो. हे मत अनुभवाला धरून होते आणि ते सर्वमान्य झाले.

१९७२ साली रॉबर्ट मे या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या शास्त्रज्ञाने या मताला गणिताची कसोटी लावली. मे यांचे मूळ शिक्षण पदार्थविज्ञानाचे. त्यांनी जातींचे एक चौकोनी कोष्टक कल्पिले. आडव्या ओळीत आणि उभ्या स्तंभात त्याच जाती. जेथे ओळ व स्तंभ मिळतात त्या घरात एका जातीचा दुसरीवरील परिणाम संख्येने मांडलेला. कोणत्या घरात संख्या असावी आणि ती किती असावी हे त्यांनी यदृच्छेवर सोपविले. एकटी असताना प्रत्येक जात स्वतःला आवर घालते, आणि तो आवर एक एकक आहे असे मानले. मग उत्तर असे मिळाले: जातींची संख्या आणि प्रत्यक्ष अस्तित्वात असलेल्या जोडांचे प्रमाण यांचा गुणाकार करावा, त्याचे वर्गमूळ काढावे आणि त्याला परिणामांच्या सरासरी तीव्रतेने गुणावे. हा गुणाकार एकाहून कमी असेल तर एखादा लहानसा धक्का बसल्यावर समुदाय पूर्वस्थितीला येईल. अधिक असेल तर तो विस्कटत जाईल.

उदाहरणार्थ, १०० जाती आहेत आणि शक्य असलेल्या जोडांपैकी एक दशांश जोड प्रत्यक्षात आहेत. दोहोंचा गुणाकार १०. त्याचे वर्गमूळ सुमारे ३.१६. स्थैर्यासाठी परिणामांची तीव्रता ०.३२ हून कमी हवी. जातींची संख्या ४०० केली तर गुणाकार ४०, वर्गमूळ सुमारे ६.३२ आणि तीव्रतेची मर्यादा ०.१६. जाती चौपट झाल्या तर प्रत्येक जोड निम्म्याने सैल असावा लागतो. केवळ गुंतागुंत वाढविल्याने स्थैर्य येत नाही, उलट ते धोक्यात येते.

मग अरण्ये टिकतात कशी? मे यांचे गणित चुकीचे नव्हते. निसर्ग यदृच्छेने जुळविलेला नाही, हे त्याचे उत्तर आहे. निसर्गातील पुष्कळसे जोड क्षीण असतात आणि प्रबळ जोड थोडे. जाती गटागटांनी राहतात. गटाच्या आत जोड दाट आणि दोन गटांमध्ये विरळ असतात. अशा गटांमुळे स्थैर्य वाढू शकते, याची नोंद मे यांनी आपल्या मूळ निबंधातच केली होती. भक्ष्य आणि भक्षक यांचे नाते परस्परांना आवर घालणारे असल्यामुळे तेही स्थैर्याला साहाय्य करते, हे पुढील संशोधनातून दिसून आले. मे यांच्या निबंधानंतर प्रश्नच बदलला. जोड किती आहेत, याऐवजी ते कसे मांडलेले आहेत आणि किती सैल आहेत, असा विचार सुरू झाला.

बेलंदूरसारख्या उथळ तलावाच्या पोटातही असेच एक जाळे असते. नेदरलँड्समधील मार्टेन शेफर आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० नंतरच्या दशकात उथळ तलावांची जी प्रतिरूपे मांडली त्यांतून असे दिसते की अशा तलावाला दोन स्थिर अवस्था असू शकतात. पहिलीत पाणी नितळ असते, तळाशी पाणवनस्पती वाढतात, त्या गाळ धरून ठेवतात आणि त्यामुळे पाणी नितळच राहते. दुसरीत पाणी शेवाळाने गढूळ होते, तळापर्यंत उजेड पोहोचत नाही, पाणवनस्पती मरतात, गाळ मोकळा होतो आणि पाणी गढूळच राहते. पाण्यातील स्फुरद वाढत जाताना तलाव दीर्घकाळ पहिल्या अवस्थेत तग धरतो आणि मग एकाएकी दुसरीत कोसळतो. परंतु स्फुरद पुन्हा पूर्वीच्या मापावर आणले म्हणून तो परत येत नाही. त्यासाठी ते त्याहून पुष्कळ खाली आणावे लागते. वर्षानुवर्षे तळाच्या गाळात साठलेले स्फुरद पाण्यात परत येत राहते, हे त्याचे एक कारण. बेलंदूर व वर्तूर तलावांतील गाळ काढण्याचे मोठे काम हाती घ्यावे लागले, त्यामागील शास्त्र हेच आहे. गाळ काढल्याने क्षमता वाढते आणि जुने विषही बाहेर पडते. मात्र वरून येणारे सांडपाणी तसेच राहिले तर दोन्ही लाभ काही वर्षांत पुसले जातात.

तलावांची साखळी वृक्षासारखी असते, त्यामुळे तिच्यातील बिघाड खाली उतरतो. अभियंत्यांनी बांधलेली काही जाळी मात्र मासेमारीच्या जाळ्यासारखी असतात. त्यांत एका बिंदूकडून दुसऱ्याकडे जाण्याचे अनेक मार्ग असतात आणि बिघाड बाजूला सरकतो. विजेचे जाळे या प्रकारचे आहे. एक वाहिनी बंद पडली तर वीज दुसऱ्या वाटेने जाते, हे त्याचे सामर्थ्य. परंतु ती दुसऱ्या वाटेने जाते म्हणजेच तेथील भार वाढतो, हा त्याचा धोका.

२०१२ सालच्या जुलै महिन्यात हा धोका देशाने अनुभवला. पश्चिम आणि उत्तर विभागांना जोडणाऱ्या मार्गावरील बीना-ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची एक वाहिनी कामासाठी आधीच बंद ठेवली होती. ३० जुलैच्या पहाटे अडीचच्या सुमारास दुसरीवरचा भार इतका वाढला की संरक्षक यंत्रणेने तो बिघाड समजून ती तोडली. वाहिनीत प्रत्यक्ष बिघाड झालेला नव्हता. तिचा भार शेजारच्या वाहिन्यांवर गेला, त्याही एकामागून एक तुटल्या आणि संपूर्ण उत्तर विभाग अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला दुपारी, तीच कथा अधिक मोठ्या प्रमाणावर घडली. उत्तर, पूर्व आणि ईशान्य हे तीनही विभाग कोसळले. या प्रदेशात ६० कोटींच्या आसपास लोक राहत होते.

त्या दिवशी बेंगळूरूचे दिवे विझले नाहीत. दक्षिण विभाग तेव्हा उर्वरित देशाशी एकाच लयीत जोडलेला नव्हता. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे किंवा ओडिशातील तालचेरहून कोलारपर्यंत येणाऱ्या वाहिनीवर जी देवाणघेवाण होई ती एकदिश प्रवाहाच्या द्वारे होई. असा जोड वीज पोहोचवितो, परंतु एका बाजूचा धक्का दुसऱ्या बाजूला जसाच्या तसा जाऊ देत नाही. मे यांच्या भाषेत बोलायचे तर दोन गटांमधील तो एक सैल आणि नियंत्रित जोड होता. ३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर-रायचूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण विभाग देशाच्या जाळ्यात प्रत्यावर्ती प्रवाहाने गुंफला गेला. त्यातून मोठे लाभ झाले. एका प्रदेशातील जादा वीज दुसऱ्याच्या टंचाईत कामी येऊ लागली. परंतु त्याबरोबरच देशाचे सर्व विभाग आता एका लयीत धडधडतात आणि एकाचा धक्का सर्वांपर्यंत पोहोचू शकतो.

यावर अभियंत्यांनी जो उपाय योजला आहे तो अरण्यातील गटांसारखाच आहे. मोठे जाळे कोसळू लागले तर एखाद्या शहराने आपली निर्मितीकेंद्रे आणि आपली गरज यांसह क्षणार्धात स्वतःला वेगळे करून बेटासारखे टिकून राहावे, अशी व्यवस्था केली जाते. मुंबईसाठी ती अनेक दशके आहे आणि तिने शहराला पूर्वी वाचविलेही आहे. मात्र १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईचा वीजपुरवठा बंद पडला तेव्हा हे बेट तगले नाही. बेटाच्या आतील निर्मिती त्याच्या गरजेच्या मानाने अपुरी असेल तर कागदावरील सीमारेषा त्याला तारू शकत नाही. येथेही प्रश्न पुन्हा शिलकीचाच येतो.

तलाव, अरण्य आणि वीज या तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट वेगवेगळ्या वेषांत दिसते. तलावात ती रिकामी जागा आहे, अन्नजाळ्यात क्षीण जोड आहेत, विजेच्या जाळ्यात राखून ठेवलेली क्षमता आहे. शांततेच्या काळात ही शिल्लक अनुत्पादक भासते. रिकाम्या तलावाला लोक ओसाड म्हणतात, अर्ध्या भाराने चालणाऱ्या वाहिनीला हिशेबनीस उधळपट्टी म्हणतो. संकटाच्या क्षणी मात्र जाळे तिच्याच आधारावर उभे राहते. आणि जाळे जितके मोठे, तितकी ही शिल्लक अधिक काळजीने जपावी लागते, हे मे यांच्या वर्गमुळाने ५० वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे.

प्रतिरूपांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. वरील चार तलावांच्या उदाहरणात जमिनीत मुरणारे पाणी, बाष्पीभवन, ओढ्यांचा वेग, पावसाची वेळ यांपैकी काहीही नाही. प्रत्यक्ष आराखडा करताना हे सर्व मोजावे लागते, आणि मोजलेले नसेल तर मोठ्यात मोठा संगणकही अंदाजाला अचूकतेचा मुलामा देण्यापलीकडे काही करू शकत नाही. प्रतिरूप भविष्य वर्तवीत नाही. कोणती संख्या मोजली जात नाही, ते ते दाखविते, आणि तेही काही थोडे नव्हे. मारतहळ्ळीच्या आसपास प्रत्येक तलावाचे क्षेत्रफळ कागदोपत्री सापडते. परंतु मे महिन्याच्या अखेरीस त्यात किती जागा रिकामी आहे, आणि त्याच्या खालच्या ओढ्याच्या अत्यंत अरुंद जागी किती पाणी मावते, हे दोन आकडे पुराच्या दृष्टीने क्षेत्रफळापेक्षा अधिक मोलाचे आहेत. अडचण अशी की बिंदूंना मालक असतात, रेषांना सहसा नसतात. तलाव एका कार्यालयाकडे, ओढा दुसऱ्याकडे, सांडपाण्याची वाहिनी तिसऱ्याकडे आणि त्यांवरून जाणारा रस्ता चौथ्याकडे असेल, तर प्रत्येक कार्यालय आपले काम चोख करूनही जाळे तुटलेलेच राहू शकते.

पूर्वी कर्नाटकातील तलावांवर नीरगंटी नावाचा ग्रामसेवक असे. महाराष्ट्रातील पाटकऱ्याप्रमाणे मोऱ्या उघडणे, बंद करणे आणि शेतोशेती पाणी वाटणे हे त्याचे काम. तलावात किती पाणी आहे, ते कोणत्या शेतापर्यंत पुरेल, कोणती मोरी आधी उघडायची, हे त्याच्या ध्यानात असे. त्याला समीकरणे येत नव्हती. परंतु एका खालच्या माणसाचे पाणी एका वरच्या माणसाच्या वागण्यावर अवलंबून असते, हे त्याला रोज दिसत होते. शेती गेली तशी ती जागाही गेली आणि तिच्यावर दुसरे कोणी नेमले गेले नाही. गणित त्याचे स्थान घेऊ शकत नाही. पण ज्या कोणाला उद्या ते काम करावे लागेल त्याच्या हाती एक कोष्टक ते देऊ शकते: ओळीने सर्व तलाव, त्यांपुढे कोणता कोणाला जोडलेला ते, आणि अखेरच्या रकान्यात, पावसाळ्याच्या तोंडावर प्रत्येकात किती जागा रिकामी आहे तो आकडा. मारतहळ्ळीत असो वा भंडाऱ्यात, तो रकाना भरण्यापासून आरंभ करावा लागेल.